चौदा काड्यांचा हिवाळा

बजरंगला झाडं कळतात, माणसं कळत नाहीत, असं धायरीत सगळेच म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. नर्सरीत आलेल्या एखाद्या बाईनं कौतुकानं विचारावं, "हे फुलेल ना हो आमच्याकडे?" आणि यानं मान वर न करता सांगावं, "तुम्ही त्याला सुखानं जगू दिलंत तर." अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची. उरलेली अर्धी जन्मभर त्याला सोडायची नाहीत, कारण बजरंगनं दिलेलं झाड सहसा मरत नसे.

त्यातून छाट कलमात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. जास्वंद असो, अनंत असो की मुसांडा, पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, खालच्या डोळ्याखाली, म्हणजे कोंबाच्या जागेखाली, तिरका काप द्यायचा, वर सरळ काप द्यायचा, पानं अर्धी छाटायची आणि पिशवीत खोचायची. ऐकायला सोपं आहे. पोळ्या करणंही ऐकायला सोपंच असतं. शंभरातल्या नव्वद काड्या तो जगवायचा आणि उरलेल्या दहांचं सुतक पाळायचा, असं त्याची बायको शालू हसून सांगायची. तेव्हा ती हसायची.

नर्सरी ओढ्याकाठच्या पंधरा गुंठ्यांत होती. जागा चुलतभावाची, हिंमतरावाची. मधोमध विहीर आणि विहिरीच्या कठड्याला टेकून मुसांड्याचं एक जुनं झाड, दीड पुरुष उंच, पावसाळाभर गुलाबी होऊन उभं असायचं. मुसांड्याचं फूल म्हणजे गंमतच असते. खरं फूल असतं एवढंसं पिवळं, आणि लोक भुलतात ते त्याच्या भोवतीच्या रंगीत पानांना. बजरंग हे गिऱ्हाइकांना कधी सांगायचा नाही. लोकांना फूल वाटतंय तर वाटू दे, असं त्याचं म्हणणं.

एका जूनमध्ये दीक्षानं आरडाओरडा करून त्याला विहिरीपाशी बोलावलं. दीक्षा म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातून आली की दप्तर फेकून कलमांच्या टेबलाशी उभी राहायची. बापाच्या हाताखाली टिकलेली तीच एक.

"आप्पा, हे बघा! एकाच फांदीला वेगळा कलर आलाय. स्पोर्ट आहे हा, म्युटेशन! लाखात एखादं होतं असं."

सगळं झाड गुलाबी आणि पूर्वेकडची एकच फांदी दुधात केशराची काडी फिरवावी तशा रंगाची. बजरंगनं चष्मा लावून पाहिलं. पस्तीस वर्षांत त्याच्या हातून हजारो मुसांडे गेले होते, पण हा रंग त्यानं पाहिला नव्हता. आतून तो हरखला. पण हरखलेलं दाखवायचं नाही हा त्याचा जुना रोग.

"काड्या लावू या ना, आप्पा. आत्ताच लावू, पाऊस आहे."

"पुढच्या साली. रंग टिकतोय का बघू. असल्या फांद्या दोन बहरांत परत मूळ रंगावर जात्यात. घाई कुणाला हाय?"

धंद्याच्या हिशेबानं तो बरोबरच बोलला होता. कुठल्याही जाणत्या माणसानं तेच सांगितलं असतं. दीक्षानं तोंड वाकडं केलं, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करनं 'दी-१' असं लिहिलं आणि पट्टी त्या फांदीला बांधून टाकली. "नाव तर मीच ठेवणार," म्हणाली. बजरंग म्हणाला, "आधी जगू तर दे."

सप्टेंबरात तिला ताप आला. डेंगी निघाला. साधा ताप म्हणून पहिले दोन दिवस घरी काढले, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि सहाव्या दिवशी दीक्षा गेली. एकवीस वर्षांची पोर सहा दिवसांत गेली.

फवारणीवाले आले तेव्हा शेडमागच्या एका टबात, पावसाच्या पाण्यात, अळ्या सापडल्या. त्यांनी टब पालथा केला, औषध मारलं, कागदावर सही घेतली. दहाव्याला हिंमतराव आला होता. चांगला माणूस, मनात पाप नाही. बजरंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नर्सरी म्हटलं की पाणी साचणार, डास होणार. तेवढं ध्यान ठेवायला पाहिजे होतंस रे." शालू दोन हात अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं.

समजूत घालायला आलेला माणूस काय बोलून गेला हे त्याला स्वतःलाही कळलं नसेल. बजरंगच्या मात्र छातीत ते वाक्य रुतलं ते रुतलंच. त्या संध्याकाळी त्यानं नर्सरीतल्या एकूण एक बादल्या, टब, कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या घातल्या. पुढं कित्येक महिने कुठं चमचाभर पाणी साचलेलं दिसलं तरी तो हातातलं काम टाकून ते आधी सांडून यायचा.

शालूनं देव गुंडाळून ठेवले. लग्नात आणलेली अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, घंटा, सगळं एका जुन्या पातळात बांधून पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर टाकला.   दोघांचं बोलणंच आटलं होतं. जेवायला चला, गॅस संपला, एवढ्यावर संसार चालला होता.

पुढच्या पावसाळ्यात ती फांदी फुलली. रंग तोच होता. टिकला होता. पांढरी पट्टी तशीच वाऱ्यावर हलत होती. काड्या लावायला त्याहून चांगला काळ सापडला नसता, आणि बजरंग काय करत होता? झाडाकडे पाठ करून खुर्ची टाकून बसत होता. उद्या लावू, परवा लावू. झाड कुठं पळून चाललंय?

झाड पळून गेलं नाही, जागा गेली. दिवाळीत हिंमतराव मिठाईचा पुडा घेऊन आला आणि जमीन बिल्डरला दिल्याचं सांगून गेला. नोव्हेंबरअखेर रिकामी करून हवी होती. बाकीची झाडं टेंपोत घालून हलवता आली, काही वाटून टाकली. विहिरीवरच्या मुसांड्याला हलवणं शक्य नव्हतं. खाली मुरूम होता, मातीचा गड्डा धरला जाईना. बजरंगनं दोन दिवस पहारीनं खणून पाहिलं आणि निम्म्या मुळ्या उघड्या पडल्यावर हात जोडले. फांदीलाच ओली माती गुंडाळून गुटी बांधावी तर गुटीला पावसाळा लागतो, दोन-तीन महिने लागतात. हाताशी आठवडा होता.

शेवटच्या दिवशी त्यानं दीक्षाची फांदी कापली. फुलं कधीच संपली होती, पानं पिवळी पडायला लागली होती. मुसांड्याला थंडीचं वावडं असतं. डिसेंबर लागला की पानं गाळून खराट्यासारखा उभा राहतो आणि होळीनंतर पुन्हा अंगावर येतो. अशा वेळी काडी घेणं म्हणजे झोपेत असलेल्या माणसाला उठवून डोंगर चढायला लावणं. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण दुसरा इलाज राहिला नव्हता. त्या फांदीच्या चौदा काड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी खोदायचं मशीन आलं तेव्हा बजरंग तिथं थांबला नाही.

या चौदा काड्या होळीपर्यंत तगल्या पाहिजेत, एवढंच आता त्याच्या आयुष्यात उरलं होतं. बाकी सगळं त्यानं सोडून दिलं होतं. चौदातली एक तगली तरी पुरे, एकीच्या पुढं शंभर करता येतील. आणि एकही तगली नाही, तर तो रंग पृथ्वीच्या पाठीवर कुठंच राहणार नव्हता, कारण बी धरणारं ते झाडच नव्हे. त्याला पुढं जायला काडीशिवाय वाट नसते.

भाड्याची जागा धायरीतच मिळाली. तिसरा मजला, दोन खोल्या. सकाळचं ऊन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचं, म्हणून ओट्याच्या टोकाला त्यानं काड्यांची व्यवस्था लावली. द्राक्षवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला. चौदा पिशव्यांत नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरलं, वर बोटभर वाळू पसरली, काड्यांना मुळं फुटायची पावडर लावून त्या खोचल्या आणि खोक्यावर प्लास्टिक ताणलं. पहिल्या पिशवीत 'दी-१'ची पट्टी खोचली. ऊब म्हणून बल्ब हवा होता, आणि तोही जुना, तारेचा. नवे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यासाठी बजरंग तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची चार दुकानं हिंडला. पाचव्या दुकानदारानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "साठ वॅटचा? कोंबड्या उबवायच्यात का?"

"मुलगी," असं बजरंगच्या तोंडून निघून गेलं. दुकानदार स्टुलावर चढला. मागच्या फळीवरून धूळ झटकत दोन बल्ब काढून दिले.

शालूला त्यानं एकदाच सांगितलं. "याला हात लावायचा नाय. पाणी मी बघीन."

का लावायचा नाही, हे सांगितलं नाही. झोपलेल्या काडीला पाणी पचत नाही, थंडीत ओल राहिली की ती खालून कुजते, आठवड्यातून चमचाभरही तिला जास्त होतं, हे दोन मिनिटांचं बोलणं होतं. दीक्षाला त्यानं ते दहा वेळा शिकवलं होतं. शालूनं पंचवीस वर्षं पिशव्या भरल्या, गिऱ्हाइकं सांभाळली, तण काढलं, पण कलमाचं टेबल बापलेकीचं होतं. तिथं तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही, आणि आताही नाही. ती "बरं" म्हणाली.

बजरंगनं बिबवेवाडीच्या एका सोसायटीत माळीकाम धरलं. सकाळी साडेसहाला दुचाकी काढायचा, संध्याकाळी पाचला परत. सोमवारी सुट्टी असायची, त्या दिवशी वाघोलीला एका बंगल्याची बाग बघायला जायचा. घरी बसणं त्याला सोसत नव्हतं. घरात दीक्षा तीन फोटोंतून बघायची.

डिसेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात तो संध्याकाळी जिना चढून आला तर शालू दारातच उभी. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलला होता.

"अहो, पानं आली! या की आधी, चपला नंतर काढा!"

नऊ काड्यांना डोळे फुटले होते. तांदळाएवढी, पोपटी पानं. शालूनं दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि ती रडत होती, हसत होती, काय करत होती ते तिलाच माहीत. "आली बघा," म्हणाली, "आली माझी बाय."

जाणत्या माणसाला अशा पानांचा आनंद होत नाही. काडीच्या पोटात शिल्लक असतं तेवढं खाऊन ती पान काढते. खाली मूळ नसलं तरी काढते. शिल्लक संपली की मान टाकते. कितीतरी नवशिके अशा पानांना भुलून पेढे वाटतात. बजरंगच्या ओठांवर ते सगळं आलं होतं. तिच्याकडं बघून त्यानं ते गिळलं.

"बघू," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात उदबत्तीचा वास होता. माळ्यावरचा डबा खाली आला होता. ओट्याच्या वरच्या फळीवर अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे घासूनपुसून मांडले होते. घंटा होती, पळी-पंचपात्र होतं. सव्वा वर्षानं. बजरंग कधी देवापुढं फारसा उभा राहणारा नव्हता, पण त्या दिवशी त्यानं हात जोडले. आत कुठंतरी सैल झाल्यासारखं वाटलं. काड्या जगोत न जगोत, बाई तर माणसांत आली, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याबद्दल त्यानं स्वतःलाच शिवी हासडली. काड्या जगल्याच पाहिजेत.

मग थंडी पडली. पुण्याची थंडी दिवसा गोड असते, पहाटे आपलं खरं रूप दाखवते. पारा आठ-नऊवर उतरला. बजरंगनं खोक्याला आतून वर्तमानपत्रं लावली, वरून गोधडी घातली, ती दीक्षाची होती. बल्ब दोन बोटं खाली आणला. एक गोष्ट त्याला कळेना. वाळूखाली बोट घातलं की ओल लागायची. त्यानं स्वतः पाणी घालणं बंद केलं होतं, तरीही ओल होतीच. प्लास्टिकला आतून थेंब धरायचे. थंडीत वाफ निघत नाही, बंद खोका आहे, उत्तरेचं वारं आहे, अशी कारणं तो स्वतःलाच देत राहिला. प्लास्टिकला भोकं पाडली. वर्तमानपत्रं बदलली. ओल हटेना. एकदा वाळूवर तांदळाचा एक दाणा दिसला. ओटाच तो, स्वयंपाक करताना उडाला असेल. त्यानं तो उचलून टाकला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पहिली काडी गेली. सकाळी पानं ताठ होती, संध्याकाळी पाणी मारलेल्या पापडासारखी लोळली. त्यानं ती उपसून पाहिली नाही. उपसायचं म्हणजे मान्य करायचं. संक्रांतीला तीन गेल्या. मग रोज एखादी. सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्याला दोनदा हटकलं, "काय हो, कुंपण छाटताय का सूड उगवताय?" बजरंगनं मेंदीचं अर्धं कुंपण बोडकं करून ठेवलं होतं. त्यानं कात्री खाली ठेवून पडलेल्या फांद्या गोळा केल्या. पूर्वीचा बजरंग असता तर सेक्रेटरी दोन दिवस जेवला नसता.

घरी शालू सकाळच्या घंटेबरोबर जोरात, जवळजवळ ओरडून आरती म्हणायला लागली आहे, असं शेजारच्या चैतालीनं त्याला जिन्यात सांगितलं. "काकू ठीक आहेत ना, काका? नाही, डिस्टर्ब होत नाही, तसं नाही. पण रडल्यासारखं वाटतं." बजरंग म्हणाला, "काड्या लावल्यात आम्ही." ती पोरगी काय समजली कोण जाणे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकच काडी हिरवी उरली. पट्टीची, दी-१. तिला दोन पानं होती. रोज जिना चढताना बजरंगची नजर वर दाराकडं असायची. दारात शालू दिसली नाही की त्याला वाटायचं, काडी गेली. ती स्वयंपाकघरातून "आहे हो, आहे," म्हणायची तेव्हा तो चपला काढायचा. त्या दिवसांत दोघं एकमेकांशी बोलत होती, पण ते तेवढंच.

थंडी उतरली. दुपारी ऊन तापायला लागलं. आता तगेल, असं ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, त्याच संध्याकाळी दोन्ही पानं खाली आली होती. शालू भाजी आणायला खाली गेली होती, तिला ठाऊक नव्हतं. बजरंगनं खोका उचलून गॅलरीत नेला, वर्तमानपत्र पसरलं आणि पहिल्यांदा, तीन महिन्यांत पहिल्यांदा, मेलेल्या तेरा पिशव्या एक-एक करून उपड्या केल्या.

थंडीनं मेलेली काडी वरून वाळत येते, पिचकते, तपकिरी होते. या खालून गेल्या होत्या. बुडखा काळा, मऊ, बोटांत चिरडणारा. साल मोज्यासारखी निघून येत होती. कोकोपीट पिळलं तर पाणी गळलं. आंबूस वास होता, नासलेल्या दुधाचा असतो तसा. आणि वाळूच्या खाली, पिशवीपिशवीत, फुगलेल्या अक्षता होत्या. पिवळ्या. हळदीच्या. एका पिशवीत झेंडूची पाकळी होती. कोकोपीटवर अष्टगंधाचा लालसर थर धरला होता.

बजरंगनं एक अक्षत तळहातावर घेतली. सगळं त्याच्यापुढं स्वच्छ उलगडलं, आणि त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं, हेच भयंकर होतं. देवांना घातलेल्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतायचं नसतं, पायदळी जाऊ द्यायचं नसतं. ते तुळशीला घालायचं. नर्सरीत वृंदावन होतं. इथं उत्तरेच्या गॅलरीत आणलेली तुळस थंडीत पंधरा दिवसांत काटकी झाली. मग बाईनं ते पाणी कुठं घालावं? ज्या काड्यांनी तिचे देव माळ्यावरून खाली आणले, त्यांनाच ती घालणार. ताम्हणातलं पळीपळीनं, रोज. आणि सोमवारी दुधाचं. हात लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं होतं. तिनं हात लावलाच नव्हता.

मेल्या होत्या त्या पाण्यानं.  पोर पाण्यानं नेली आणि तिची काडीही पाण्यानंच. पहिलं पाणी त्याच्या टबातलं होतं, हे पाणी तिच्या देवांचं. त्याला शालूचा राग आला, असा की खोका तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकवावा. येऊ दे तिला वर. दाखवतो तिला ह्या अक्षता. विचारतो, कुणी सांगितलं होतं?

जिन्यात तिच्या चपला वाजल्या. दार उघडलं. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज झाला नाही. ओट्याचं टोक रिकामं दिसलं असणार.

ती गॅलरीच्या दारात आली. वर्तमानपत्रावरच्या ढिगाकडं पाहिलं. खाली बसली नाही, रडली नाही.

"गेल्या?"

"व्हय."

"ती पण?"

"तिचं बी काय खरं नाय."

"थंडीनं?"

बजरंगनं वर पाहिलं. अक्षता तिला तिथून दिसत नव्हत्या, त्याच्या गुडघ्याआड होत्या. बोलायला तोंड उघडलं आणि त्याला दहाव्याचा दिवस आठवला. हिंमतरावाचा खांद्यावरचा हात. *तेवढं ध्यान ठेवायला पाहिजे होतंस.* आणि दोन हात अंतरावर उभी असलेली ही. तिनं ऐकलं होतं. तिला टबाचं ठाऊक होतं, अळ्यांचं ठाऊक होतं. त्या दिवसापासून आजपर्यंत, भांडणात नाही, तापात नाही, रात्री उशीत तोंड खुपसून रडताना नाही, एकदाही, एकदाही तिनं ते त्याला ऐकवलं नव्हतं. तिची पोर गेली होती आणि तिनं त्याला ते ऐकवलं नव्हतं.

त्यानं पंज्यानं अक्षता कोकोपीटखाली ढकलल्या.

"थंडीनं," तो म्हणाला. "माझंच चुकलं. काडी अवेळी घेतली. पावसाळ्यात घ्यायला पाहिजे होती. पोर म्हणत होती तवाच घ्यायला पाहिजे होती."

शालू त्याच्याजवळ खाली बसली.  मग पदराच्या टोकानं बजरंगच्या हाताला लागलेलं कोकोपीट पुसायला लागली.

"मी रोज देवाचं पाणी घालत होते त्यांना," ती म्हणाली. "पहिलं पान आलं त्या दिवसापासनं. एक दिवस चुकवला नाय. म्हणून तर एवढे दिवस तरी तगल्या, नाय का हो?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते देणारं दुसरं कुणी या जगात नव्हतं.  जन्मात कधी गिऱ्हाइकाशी गोड खोटं बोलला नव्हता तो.

"व्हय," तो म्हणाला. "म्हणून तर तगल्या."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. अंथरुणात पडून त्यानं घंटा ऐकली. आज आरती जोरात नव्हती. भांड्यांचा आवाज थांबला आणि मग बराच वेळ काहीच हालचाल ऐकू येईना, म्हणून तो उठून स्वयंपाकघरात गेला. शालू ओट्यापाशी ताम्हण हातात धरून उभी होती. ताम्हणात पाणी, दोन फुलं, चार अक्षता. ओट्याच्या टोकाला काही नव्हतं.

"आता हे कुठं घालू?" तिनं विचारलं.

मोरी तिच्या मागं दोन पावलांवर होती. तिकडं तिनं बघितलंही नाही. एवढ्या पाण्यासाठी तिला जागा उरली नव्हती, आणि जागा नसली तर उद्या-परवा डबा पुन्हा माळ्यावर जाणार हे बजरंगला स्वच्छ दिसलं.

तो गॅलरीत गेला. पट्टीची पिशवी त्यानं उपडी केली नव्हती. काडी वरून अजून हिरवट दिसत होती. त्यानं बुडाशी नख लावून पाहिलं, ते कुजल्या सालीतून सरळ आत गेलं. तीच पिशवी त्यानं आणून खिडकीच्या उन्हात ठेवली, पट्टी सरळ केली, आणि बाजूला झाला.

"यात घाल," तो म्हणाला. "रोज घालत जा."

शालूनं पळी भरून घातली. आणखी एक घातली. पाणी वाळूत मुरत गेलं आणि बजरंग ते बघत उभा राहिला. आता घालू दे तिला हवं तेवढं. आता त्या काडीला पाण्यानं काही होणार नव्हतं.